पहिली फेरी पोत्यांची

पाथर्डी फाट्याच्या पुढे, जिथं आता बारा मजली टॉवर आहेत,
तिथं अठरा वर्षं मी ब्रेक ओढला.
पाटीवर तिचं नाव इंग्रजी होतं, शेजारी विजेचं चित्र.
लोक म्हणायचे उलटी गाडी.
दोन्ही अर्थांनी बरोबरच.

आली तेव्हाच जुनी होती.
कुठल्याशा थंड देशात एक हयात काढून
नऊ ट्रेलरमधून कसारा घाट चढली.
दर तुकड्यावर ठोकलेला आकडा
आणि सोबत एक वही, अशा लिपीतली
की अख्ख्या नाशकात कुणाला वाचता येईना.
एक पावसाळा गवतात पडून राहिली.
शेजारच्या बाया तिच्यावर गोधड्या वाळत घालत.

जोडताना एक बोल्ट कमी निघाला. दोनशे चौदा नंबरचा.
रऊफ कोकणीनं तो सातपूरला, रात्रपाळीत,
मालकाचा डोळा चुकवून लेथवर काढला.
आट्यांवरून तीनदा बोट फिरवलं,
लेकराच्या हिरडीवरून फिरवावं तसं,
दात आला का बघायला.
"पैसे नको," म्हणाला, "झोप लागली पाहिजे फक्त."

सकाळी पहिली फेरी पोत्यांची.
गंगेची वाळू, चौदा सीटवर चौदा पोती,
पट्टे आवळून.
साखळी त्यांना टकटक करत चढावर न्यायची.
माथ्यावरून पांडवलेणी हाताशी, लांब अंजनेरी.
तिथं गाडी क्षणभर विचारात पडायची,
मग जी सुटायची!
पोती ओरडत नसत.
म्हणून तिचा खरा आवाज मला माहीत आहे,
नुसत्या लोखंडाचा.
माणसं बसली की तो ऐकू येत नसे.

माणसं म्हणजे
ओझरच्या शाळेची सहल, खिशातून सुटे पैसे सांडणारी;
(संध्याकाळी आम्ही गवतात वेचायचो, वडापावपुरते निघत)
प्रेसमधला एक नोटा मोजणारा, जो उतरल्यावर
बराच वेळ स्वतःची बोटं मोजत बसला;
बेंडकुळेबाई, वय एकाहत्तर, काष्टा आवळून पुढच्या सीटवर,
"परत सोड रे."
परत सोडली. बिनतिकीट.
माझ्या नोकरीतला तेवढाच घोटाळा.
आणि एक पोरगा, दरवर्षी उंचीच्या पट्टीखाली
टाचा उचलून उभा राहायचा.
ज्या वर्षी मापात बसला
त्या वर्षी म्हणाला, नको, भीती वाटते.

अपघात झाला नाही.
विचारतात म्हणून सांगतो.
इतिहास म्हटला की लोकांना अपघात लागतो.
इथं फक्त भाव वाढला. जमिनीचा.

भंगारवाल्यानं टनावर घेतली.
सगळे बोल्ट पान्याला सुटले, मुकाट.
दोनशे चौदा सुटेना.
गॅस कटर आणावा लागला, त्या एकासाठी.
रऊफ तेव्हा मालेगावला, मुलाकडे, डोळ्याला पट्टी.
फोनवर सांगितलं तर हसला,
मग खोकला,
मग फोन ठेवून दिला.

पोत्यांचं म्हणाल तर वाळूच ती.
बिल्डरनं गिलाव्यात घातली.
चौदाही जण तिथंच राहतात अजून,
कोण कितव्या मजल्यावर, देव जाणे.

परवा मोहाडीला लग्नाला निघालो होतो.
रस्त्याकडेला द्राक्षाची बाग, मांडवाचे खांब
ओळखीच्या तांबड्या रंगाचे.
गाडी थांबवली. पानं बाजूला केली.
एकशे सात.
चढावरचा, साखळीच्या डाव्या हाताचा.
त्याच्यावर थॉमसनचे घड, साखर भरायच्या बेतात.

बागवाला आला. काय बघता?
म्हटलं, माल चांगला धरलाय.
म्हणाला, धरलाय खरा, पण हे जुने खांब
वारं सुटलं की वाजतात हो रात्रीचे.
बायको म्हणते, बदला.

मी जरा वेळ थांबलो.
वारं काही सुटलं नाही.
तिकडे अक्षता पडायची वेळ झाली होती.